निरंक

जळगावच्या एमआयडीसीत पाइपांचा एक कारखाना होता. शेजारी चटयांचे कारखाने, पलीकडे डाळमिल आणि मधे हा. पीव्हीसीचे पाइप आणि ठिबकच्या नळ्या तिथं निघत. कारखाना फार मोठा नव्हता. शेठ अजून रोज सकाळी शॉपवर चक्कर मारत, जुन्या कामगारांना नावानं हाक मारत आणि उन्हाळा लागला की गेटबाहेर पाणपोई लावत.

एका वर्षी सीए आले आणि म्हणाले, "शेठ, तोंड गोड करा. निव्वळ नफा ५ कोटींच्या वर गेला."

शेठनी पेढे मागवले.

"आता २०१३च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ आपल्याला लागू झालं," पेढा खाता खाता सीए म्हणाले. "मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले २ टक्के समाजकामाला काढायचे. आणि त्याचा अहवाल द्यायचा."

"पाणपोई धरून?"

"पाणपोईचं बिल आहे का?"

बिल नव्हतं. रांजण शेठच्या घरचे होते आणि पाणी वॉचमन भरायचा. पाणपोई धरता आली नाही.

स्थापनादिनाला शेठनी कामगारांसमोर भाषण केलं. ते म्हणाले, "आपल्याच जिल्ह्यात, अमळनेरला, १९४५ साली प्रेमजींनी वनस्पती तुपाचा कारखाना काढला. १९६६ साली ते अचानक गेले. मुलगा अझीम तेव्हा २१ वर्षांचा, अमेरिकेत स्टॅनफर्डला शिकत होता. शिक्षण सोडून तो परत आला. त्या तुपाच्या कारखान्याची पुढं विप्रो झाली. आणि २०१९पर्यंत त्या माणसानं विप्रोतला ६७ टक्के आर्थिक हिस्सा आपल्या फाउंडेशनच्या कामाला लावला. त्यांच्याकडं विप्रो केअर्स म्हणून आहे. कर्मचारी जेवढे पैसे देतात, तेवढेच कंपनी वरून घालते. आपणही तसंच करू. तुम्ही एक दिवसाचा पगार द्या, तेवढाच मी घालतो. शिवाय वर्षातून एक सेवादिन. सगळ्यांनी एका गावाला जायचं."

टाळ्या झाल्या. मागच्या रांगेत मेंटेनन्सचे आप्पा बसले होते, त्यांनीही वाजवल्या. आप्पा मूळचे अमळनेरचेच. त्यांचे वडील त्याच तुपाच्या कारखान्यात बॉयलरवर होते. त्यांच्याकडं थोडे शेअर होते, ते बहिणीच्या लग्नात विकले गेले. अमळनेरला अशी घरं पुष्कळ आहेत. ज्यांनी विकले नाहीत त्यांच्या कथा पेपरात येतात, एवढाच फरक.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या ताई फॉर्म घेऊन शॉपवर आल्या. ताई नव्या होत्या, पुण्याहून शिकून आलेल्या, कामाला चोख. फॉर्मवर वर ‘स्वेच्छेने’ असं छापलं होतं आणि खाली कारखान्यातल्या सगळ्यांची नावं आधीच टाइप केलेली होती. आप्पांनी सही केली. मग विचारलं, "ताई, गाव कोणतं?"

"साक्री तालुक्यातला एक पाडा आहे. पिंपळनेरच्या पुढं."

"तिथल्या लोकांना काय पाहिजे?"

"थंडी आहे ना आप्पा. ब्लँकेट देतोय."

आप्पांनी पेन परत केलं आणि मशीनकडं वळले.

जानेवारीतल्या एका रविवारी पहाटे दोन बसा निघाल्या. एरंडोल, पारोळा, धुळे. धुळ्याला चहा झाला. नेर गेलं, साक्री आलं, पिंपळनेर मागं पडलं आणि डोंगर जवळ आले. सगळ्यांच्या अंगात एकसारखे पिवळे टी-शर्ट होते. बॅनर पुढच्या बसमध्ये होता, ब्लँकेटांचे गठ्ठे मागच्यात.

पाड्यावर लोक शाळेच्या पटांगणात जमून बसले होते. कुठं बसायचं, कधी उठायचं, फोटोत कुठं बघायचं, सगळं त्यांना ठाऊक होतं. मुलांनी स्वागतगीत म्हटलं. शेठनी नारळ फोडला. नावं पुकारली गेली, एकेक माणूस पुढं आला, ब्लँकेट घेतलं, हात जोडले, परत जाऊन बसला. तासाभरात काम उरकलं. ताईंनी यादीवर खुणा केल्या. एकशे दहा लाभार्थी.

जेवायला अवकाश होता. आप्पा पाय मोकळे करायला वस्तीत शिरले. एका घरापुढं गोऱ्हा बांधला होता. त्याच्या पाठीवर ब्लँकेट होतं. ब्लँकेटच्या कोपऱ्यावर कुठल्याशा संस्थेचं बोधचिन्ह शिवलेलं होतं. आप्पांनी घरात डोकावलं. नागलीच्या कणगीवर दुसरं ब्लँकेट, दोरीवर तिसरं. आजचं चौथं म्हातारीच्या मांडीवर, अजून पिशवीतच.

म्हातारी ओशाळली. घरात ती आपली कोकणी बोलायची, पण बाजाराला पिंपळनेरला जाऊन जाऊन अहिराणी तिला येत होती.

"दरसाल येतंस लोके," ती म्हणाली. "चांगला लोके शेतंस. नही कसं म्हनानं?"

"माय, तुले काय जोयजे?" आप्पांनी विचारलं.

म्हातारीनं त्यांच्याकडं बघितलं. मग उठली, कोपऱ्यातला हंडा उचलला आणि बाहेर चालू लागली. आप्पा मागोमाग गेले.

वस्तीच्या कडेला हापसा होता. दोन बाया दांड्यावर लोंबकळल्यागत हापसत होत्या. दांडा खाली जायचा, वर यायचा, करकर वाजायचा. आप्पांनी मनाशी मोजलं. तीसेक हापसे झाले तेव्हा तोटीतून करंगळीएवढी धार आली. बाईनं एक क्षण हात थांबवला तर धार गेली. पुन्हा तीस हापसे.

आप्पांनी दांडा हातात घेतला. हळू दाबला, हळू सोडला. कान तोटीला लावला. मग वरचं झाकण हलवून बघितलं.

"पानी शे बोअरमधे," ते म्हणाले. "वायसर गयात."

"कितला दिन व्हयनात?" त्यांनी विचारलं.

"दिवाईपसून," म्हातारी म्हणाली.

"तक्रार करी का?"

तक्रार केली होती. पंचायत समितीचा मेकॅनिक होता, पण तालुका मोठा, गाडी एक. तो येईल तेव्हा येणार होता. तोवर बाया पहाटे उठून ओहोळावर जात होत्या आणि ओहोळ मार्चपर्यंत पुरणार होता. या डोंगराला पाऊस भरपूर पडतो. पडतो तसाच उतारानं निघूनही जातो.

"आज एवढे लोक आले," आप्पा म्हणाले. "सांगायचं नाही का कुणाला?"

"कोनी इचारं नही," म्हातारी म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता. विचारलं म्हणून तिनं सांगितलं, एवढंच.

परतीच्या बसमध्ये गाणी चालली होती. आप्पा खिडकीशी बसून कागदावर काहीतरी लिहीत होते. सोमवारी तो कागद त्यांनी ताईंच्या टेबलावर ठेवला. सिलिंडरच्या वाटी वायसर, व्हॉल्व्हचे रबर, एक साखळी, ग्रीस. पाइपाचे क्लॅम्प. आणि खाली लिहिलं होतं: माणसं आठ.

"हे किती रुपयांचं होईल?" ताईंनी विचारलं.

आप्पांनी आकडा सांगितला. ताईंना वाटलं ऐकण्यात चूक झाली. एका बसच्या भाड्याच्या पावपटसुद्धा तो आकडा नव्हता.

त्यांनी अकाउंटंट भाऊसाहेबांना बोलावलं. भाऊसाहेबांनी चष्मा पुसला. "बसेल," ते म्हणाले. "कायद्याच्या सातव्या अनुसूचीत पिण्याचं शुद्ध पाणी आहे. पण प्रकल्पाचं नाव काय लिहू? वायसर?"

आप्पांनी घाई केली नाही. हापसा ग्रामपंचायतीचा, त्याला परस्पर हात लावायचा नाही, असं त्यांनी बजावलं. ग्रामसेवकाचं पत्र आणलं. पंचायत समितीच्या मेकॅनिकला फोन केला. त्याला वाटलं हे लोक आपली तक्रार करायला निघाले. तसं काही नाही हे कळल्यावर तो खूश झाला. "मी येतो ना," म्हणाला. "गाडी माझ्याकडं आहे, पाने आहेत, तिकाटणं आहे. हाताखाली माणसं नाहीत."

फेब्रुवारीत आठ जण गेले. बॅनर नव्हता. टी-शर्ट ज्याचे त्याचे होते. आप्पा, शॉपवरचे चौघे, एक ड्रायव्हर, ताई आणि ऐनवेळी भाऊसाहेब. भाऊसाहेबांना कुणी बोलावलं नव्हतं. खर्च पडताळायचा आहे, असं त्यांनी सांगितलं.

हा हापसा खरं तर आपल्याच मातीतला. जालन्याच्या मिशनऱ्यांनी खोल बोअरसाठी एक पंप घडवला होता, सोलापुरात तो सुधारला आणि सत्तरच्या दशकात युनिसेफच्या मदतीनं त्यावरून इंडिया मार्क टू तयार झाला. पुढं तो देशभर आणि आफ्रिकेपर्यंत गेला. पंप मजबूत. पण त्यात एक खोट आहे: वायसर बसलेलं असतं तळाच्या सिलिंडरमध्ये, आणि तिथवर पोचायचं तर सगळे पाइप वर काढावे लागतात. एवढ्याशा मालासाठी बोअरभर लोखंड उचलायचं.

तिकाटणं उभं राहिलं. वरचं डोकं निघालं, साखळी सुटली, टाकी बाजूला झाली. पहिला पाइप वर आला. त्याच्या खाली बाकीचे सगळे लटकत होते, आत पाणी भरलेलं. क्लॅम्प आवळायचा, वरचा पाइप पान्यानं फिरवून सोडवायचा, त्याच्या पोटातला रॉड सोडवायचा, मग पुढचा. क्लॅम्प सुटला तर सगळी माळ बोअरमध्ये जाणार आणि बोअर कायमचा गेला.

क्लॅम्पच्या दांड्यावर भाऊसाहेबांना बसवलं होतं, वजन म्हणून.

"हलू नका," आप्पा म्हणाले.

"मी हलत नाही."

"श्वास घ्या पण."

बाया हसल्या. ताई प्रत्येक पाइप मोजून वहीत लिहीत होत्या आणि ओळीनं मांडत होत्या. दुपारपर्यंत सिलिंडर वर आलं. मेकॅनिकनं ते खोललं. वायसरची कड झिजून विड्याच्या पानासारखी मऊ, लोळागोळा झाली होती. सगळ्यांनी ते हातात घेऊन बघितलं. म्हातारीनंही घेतलं, उलटंसुलटं केलं आणि म्हणाली, "इतलासाठे?"

आता जोडायचं होतं. आप्पांनी हात धुतले आणि बाजूच्या दगडावर जाऊन बसले.

"आप्पा, चला," शॉपवरचा पोरगा म्हणाला. "तासाभरात बसवून टाकू. अंधाराच्या आत धुळं गाठू."

"आपण नाही बसवायचं," आप्पा म्हणाले. त्यांनी मघापासून पाइपांकडं टक लावून बघणाऱ्या दोन पोरांना बोलावलं. एक मुलगीही होती, पिंपळनेरच्या कॉलेजात जाणारी. तिलाही बोलावलं. "वायसर कसं बसतं ते बघितलं ना? वाटीचं तोंड कोणीकडं?"

मुलीनं बोट दाखवलं.

"मग बसव."

तिघांनी बसवलं. पहिल्यांदा उलटं बसलं. मेकॅनिक बोलायला गेला, आप्पांनी त्याला खुणेनं थांबवलं. मुलगी थोडा वेळ बघत राहिली आणि स्वतःच ते काढून सुलटं केलं. मग पाइप. एकेक पाइप उतरवायला त्यांना शॉपवरच्या पोरांच्या तिप्पट वेळ लागत होता. ऊन कललं. ड्रायव्हर दोनदा गाडीपाशी जाऊन आला. ताईंच्या फोनला रेंज नव्हती. घरून सतरा फोन येऊन गेले असतील, या विचारानं त्या अस्वस्थ होत्या. भाऊसाहेब पुन्हा क्लॅम्पवर बसले होते. आता त्यांना कुणी सांगावं लागत नव्हतं.

दिवेलागणीला साखळी जोडली गेली. मुलीनं दांडा धरला. सातव्या-आठव्या हापशाला पाणी आलं. आधी गढूळ, मग तांबूस, मग नितळ. म्हातारीनं हंडा लावला.

वायसरांचे दोन जादा जोड आणि पान्यांचा एक संच आप्पांनी बायकांच्या बचत गटाकडं दिला. वहीत नोंद करायला लावली. मेकॅनिकनं आपला नंबर भिंतीवर कोळशानं लिहिला. मंडळी जळगावला पोचली तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती.

मार्च अखेरीला भाऊसाहेबांनी एक हिशेब मांडला. आठ माणसं, पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत, पगाराच्या दरानं इतके रुपये. हे दोन टक्क्यांत धरू या, असं त्यांनी सीएंना सुचवलं. सीएंनी मान हलवली. कंपनी व्यवहार मंत्रालयाचा खुलासाच आहे, ते म्हणाले. कर्मचाऱ्यांनी अशा कामात जरूर भाग घ्यावा, पण त्यांच्या सहभागाचे पैसे करून तो खर्चात दाखवता येत नाही.

"म्हणजे वायसर धरायचं आणि माणसं सोडायची?" भाऊसाहेब म्हणाले.

"माणसांचं बिल आहे का?" शेठ पलीकडून म्हणाले आणि हसले. पण त्या दिवसानंतर ताईंच्या फॉर्मवरचं काही बदललं. आधी टाइप केलेली नावं गेली. एक नवा रकाना आला: तुमच्या हाताला कोणतं काम येतं? पहिल्या आठवड्यात मोजकेच फॉर्म परत आले. मग वाढले. कुणाला वेल्डिंग येत होतं. कुणाला मोटार भरता येत होती. कॅन्टीनच्या मावशीनं लिहिलं होतं, मला पन्नास माणसांचा स्वयंपाक येतो. पगार कापून घेणाऱ्यांची संख्या मात्र कमी झाली. ते शेठना लागलं. पुष्कळांना मुलांच्या फिया भरायच्या असतात, हे आप्पांनी त्यांना शॉपवरच्या चकरेत हळूच सांगितलं.

वर्ष गेलं. पुन्हा अहवालाची वेळ आली. ताईंनी पाड्यावर फोन लावला. त्या मुलीनं उचलला.

"हापसा कसा आहे गं?"

"चालू आहे ना ताई. श्रावणात बिघडला होता. आम्ही काढला, बसवला. शेजारच्या पाड्याचा पण केला."

"आम्ही यंदा काय करू तुमच्यासाठी?"

मुलगी जरा थांबली. दुसऱ्याचं मन मोडायचं नाही, हे त्या पाड्याला चांगलं येत होतं. "काही नको ताई," ती म्हणाली. "तुम्ही नुसत्या या."

ताईंनी अहवालात पाड्याचं नाव लिहिलं. खर्चाच्या रकान्यात लिहिलं, निरंक. लाभार्थींच्या रकान्यात लिहिलं, निरंक. कागद शेठपुढं गेला. शेठनी चष्म्यावरून बघितलं.

"हे काय? मागच्या वर्षी एकशे दहा होते. यंदा एकही नाही?"

"हो शेठ."

"काम बंद पडलं का?"

"नाही शेठ. हापसा चालू आहे."

शेठ त्या दोन निरंकांकडं बराच वेळ बघत राहिले. मग सही केली.

देणाऱ्याला आपलं देणं दिसावंसं वाटतं, यात वावगं काही नाही. पण ब्लँकेट दरसाल द्यावं लागतं आणि दरसाल यादी वाढते, म्हणून ते देणं मोठं दिसतं. ज्याला दिलं त्याला पुढच्या खेपेला आपली गरज उरली नाही, तर अहवालात दाखवायला काहीच राहत नाही. याच साक्री तालुक्यात बारीपाडा आहे. तिथल्या लोकांनी चैत्राम पवारांच्या सोबतीनं तोडलेलं जंगल राखून पुन्हा उभं केलं. पवारांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. बाहेरच्यांची मदत त्यांनी घेतली, पण राखण गावानंच केली. आप्पा दगडावर जाऊन बसले, तेव्हा बहुधा त्यांच्या मनात इतकं काही नव्हतं. त्यांना पोरांचे हात बघायचे होते.

दिवाळीनंतर एके सकाळी ती मुलगी आणि ते दोघे पोरगे एसटीनं जळगावला आले. त्यांना बाजारात वायसर घ्यायचे होते, आता तीन पाड्यांसाठी. बचत गटानं पैसे दिले होते. येताना त्यांनी इंद्रायणी तांदळाचं पोतं आणलं होतं. ते कारखान्याच्या गेटवर उतरवलं.

वॉचमननं मालाच्या आवकीचं रजिस्टर उघडलं. "पार्टीचं नाव? चलन नंबर?"

"चलन नाही. तांदूळ आहे."

वॉचमननं ताईंना फोन केला. ताईंनी भाऊसाहेबांना सांगितलं. भाऊसाहेब खाली आले, पोत्याभोवती एक फेरी मारली आणि डोकं खाजवलं.

"आपल्याकडं देण्याचं खातं आहे," ते म्हणाले. "घेण्याचं नाही. कशात दाखवू?"

आप्पा आले. मुलीला म्हणाले, "एवढं कशाला आणलं गं?"

"तुम्ही जेवला नव्हता त्या दिवशी," ती म्हणाली. "आजी रोज म्हणते."

तेवढ्यात कॅन्टीनच्या मावशी बाहेर आल्या. त्यांनी पोत्याचं तोंड उसवलं, मूठभर तांदूळ तळहातावर घेऊन वास घेतला आणि दोन्ही पोरांना म्हणाल्या, "उचला रे. आत आणा. साडेबाराला पहिली पाळी जेवायला बसते."

पोरांनी पोतं उचललं. वॉचमन रजिस्टर घेऊन मागं धावला, निदान वजन तरी लिहू द्या म्हणत. भाऊसाहेबांनी त्याच्या हातातून रजिस्टर घेतलं, मिटलं आणि विचारलं, "मावशी, वरणाला फोडणी लसणाची ना?"